डावं पुढचं चाक

रविवार, ७ सप्टेंबर

निर्णय झाला. गाडीचं सस्पेन्शन बदलायचं. स्प्रिंगा, शॉकअप, सगळं नवं. पुढचं डावं चाक ब्रेकरवर आवाज करतं हे एक किरकोळ कारण. मुख्य कारण सकारात्मक आहे. मी ट्रॅकवर जाणार आहे.

आमच्या साताऱ्याच्या कॉलेजचे पीटीचे उदयसिंह सर दर हिवाळ्यात काही जणांना घेऊन कोल्हापूरकडच्या ट्रॅकवर जातात. आपलीच गाडी, डोक्यावर हेल्मेट, हवी तशी पळवायची. यंदा १६ नोव्हेंबरला. मी नाव दिलं. सर म्हणाले, वा मॅडम, बघायला येताय? मी म्हणाले, चालवायला. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी हातून डबा पडला.

आता प्रश्न एवढाच, प्रीमियम घ्यायचं की बजेट. मी बारावीला फिजिक्स शिकवते. स्प्रिंग हा माझा धडा आहे. आठवड्यात ठरेल.

नवऱ्याला, नईमला सांगितलं. तो म्हणाला, अर्शिया, ब्रेकर दिसला की तू त्याची परवानगी घेतल्यासारखी जातेस, ट्रॅकवर काय करणार? ट्रॅकवर ब्रेकर नसतात, असं सांगितलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

तक्ता केला. डावीकडे प्रीमियम, उजवीकडे बजेट.

प्रीमियममध्ये कडकपणा फिरवून बदलता येतो. बटणाला बत्तीस टप्पे. रस्त्यावर मऊ, ट्रॅकवर कडक. बजेटवाल्यात एकच कडकपणा, तो कायम. चार फेऱ्यांनंतर त्यातलं तेल तापतं आणि गाडी होडीसारखी डुलते म्हणे. पण बजेटवाला मोबाइलवर इतका हसून बोलतो की वाईट वाटतं.

शेवटची ओळ 'आवाज' अशी आहे. दोन्हीकडे रिकामी ठेवली. आवाज कशाचा आहे ते अजून माहीत नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

सांगलीहून झिशानचा फोन. माझा धाकटा भाऊ. अब्बांचं कमानीचं दुकान आता तो बघतो. ट्रकच्या खाली लोखंडी पट्ट्यांची जी कमान असते ती भट्टीत तापवायची, ठोकायची, पुन्हा बाक द्यायचा. माधवनगर रोडला चाळीस वर्षं हेच काम. मालकाला आता तिथे इमारत बांधायची आहे, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जागा रिकामी करून हवी आहे. झिशान म्हणाला, आपा, तू येऊन बघ अब्बांचं काय ठेवायचं, काय द्यायचं. मी एकटा नाही ठरवणार.

अब्बा जानेवारीत गेले. दफन झालं, चाळिसावा झाला, सगळ्याला मी गेले होते. घरी गेले होते. दुकानात नाही. दुकान रस्त्याच्या पलीकडे आहे. मुद्दाम असं काही नाही.

झिशानला सांगितलं, गाडी आवाज करते, हायवेला नेणं धोक्याचं. सस्पेन्शन ठरलं की लगेच येते. तो म्हणाला, आपा, यष्टी आहे. मी म्हणाले, रेंज जातेय.

सोमवार, १५ सप्टेंबर, सकाळी ७.३५

काल गाडी धुतली होती. समोर बांधकाम चालू आहे, एका रात्रीत धूळ बसते. आज कॉलेजला निघताना पाहिलं तर बॉनेटवर, डाव्या कोपऱ्यात, हाताचा पंजा उमटलेला. उजवा हात. स्वच्छ.

अनामिका अर्धी.

नोंद एवढीच. आवारातल्या मुलांनी केलं असेल.

मंगळवार, १६ सप्टेंबर, सकाळी ७.३०

पुन्हा पंजा. तीच जागा.

अब्बांची अनामिका अर्धी होती. मी जन्मायच्या आधी घणाखाली गेली. माझ्या आठवणीत त्यांच्या उजव्या हाताला साडेचार बोटंच. कुणीही गाडी आणली की ते आधी तिच्या कोपऱ्यावर तो हात ठेवायचे आणि दाबून सोडायचे. एकदा खाली, एकदा वर, आणि थांबली पाहिजे. दुसऱ्यांदा वर आली तर शॉकअप गेला. तपासणी संपली. सहा-सात वर्षांची असताना मीही त्यांच्यामागून फिरायचे आणि बोट दुमडून गाड्या दाबायचे. पूर्ण बोटाने दाबलं तर बरोबर कळत नाही अशी माझी समजूत होती. ट्रकवाले हसायचे.

हे विषयांतर झालं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

सस्पेन्शन ठरलं नाही. मात्र प्रगती आहे. उदयसिंह सर प्रीमियमच्या बाजूचे. म्हणाले, मॅडम, वळणावर गाडीने शब्द पाळला पाहिजे, तिथे काटकसर नको. लगेच वर्गात सांगावंसं वाटलं. मग नईमने बजेटची बाजू घेतली. त्याने मला त्याच्या पोवई नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकासारखं बसवलं, एकदा डावा हात पुढे केला, एकदा उजवा, आणि विचारलं, हे बरं दिसतंय की हे? आता? हे की हे? मी म्हणाले, दोन्ही सारखंच धूसर. तो म्हणाला, मग नंबर काचेचा नाही, दुसरं काहीतरी आहे.

नवऱ्याला चष्म्यापलीकडे काही सुचत नाही.

गाडी धुतली.

बुधवार, २४ सप्टेंबर

शास्त्रीय पद्धत अवलंबली. पट्टी घेऊन खाली गेले. पंजा मोजला. तळव्याची रुंदी साडेसात सेंटिमीटर. माझा हात मोजला. साडेसात.

म्हणजे पंजा अब्बांचा नाही. त्यांचा हात फावड्याएवढा होता. मनातला एक चुकीचा विचार निकालात निघाला. बरं वाटलं. थोडं वाईटही.

मग कुणाचा? नोंद अपूर्ण.

नईमचा नाही, त्याची पाचही बोटं शाबूत आहेत. तरी त्याला विचारलं. तो म्हणाला, चहा घेतेस?

रविवार, ५ ऑक्टोबर

ट्रॅकच्या तयारीसाठी मेढ्यापर्यंत टेस्ट ड्राइव्ह. वळणांचा रस्ता, उत्तम सराव. सुरुवातीपासून दुधाचा टेम्पो पुढे होता. ओव्हरटेक हा सस्पेन्शनचा विषय नाही, म्हणून केला नाही. सरासरी वेग अठ्ठावीस. मेढ्यात चहा घेतला, परत फिरले.

आवाज नीट ऐकला. एक नाही, दोन आहेत. आधी हलका टक. मग जरा थांबून जड ठण.

हे मी ओळखते. दुकानात अब्बा लहान हातोडीने तापल्या पट्टीवर टक करून जागा दाखवायचे. समोर जोतीरामकाका त्याच जागी घण घालायचे. टक, ठण. टक, ठण. अभ्यास करायला मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचे, तेव्हा हे सुरू असेल तरच गणित सुटायचं. बंद पडलं की मान वर करून बघायचे.

एका पुलावर आवाज फारच स्पष्ट आला. मी रेडिओ बंद केला आणि मोठ्याने म्हणाले, हो, येते.

गाडीत कुणी नव्हतं. फोनही चालू नव्हता. नोंदीच्या पूर्णतेसाठी लिहिते आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

संकल्प: दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला जायचं. नक्की. त्याआधी प्रीमियम की बजेट ठरवायचं, किट मागवायचं, बसवायचं.

झिशानचा फोन. म्हणाला, जोतीरामकाका रोज येऊन पायरीवर बसतात. भट्टी बंद, काम नाही, तरी येतात. मी म्हटलं, काका, घरी आराम करा, तर म्हणतात, पोरगी येणार हाय न्हवं, मग हितं कोन पायजे का न्हाई?

मी म्हणाले, काकांना सांग, लय झालं कौतुक, येते मी. हसत म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तारीख सांगितलीच नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

एक तांत्रिक नोंद राहिली होती. हा आवाज नेमका कधी सुरू झाला, ते लिहायला हवं. निदानाला उपयोगी पडतं.

गेल्या डिसेंबरात सुरू झाला. मी कॉलेजच्या गेटातून गाडी आत घेत होते, अब्बा फोनवर होते, स्पीकर चालू. ब्रेकर आला. अब्बा बोलता बोलता थांबले. म्हणाले, थांब. परत घे. मी गाडी मागे घेऊन पुन्हा ब्रेकरवरून आणली. ते म्हणाले, पुढचं डावं. आतलं रबराचं बुश खाल्लंय. मी घातलेलंच आहे ते, सहा वर्षं झाली. रविवारी घेऊन ये, अर्ध्या तासाचं काम आहे.

मी म्हणाले, अब्बा, प्रॅक्टिकलच्या परीक्षा आहेत. इथेच शोरूमला दाखवते. त्यांच्याकडे मशीन असतं.

ते म्हणाले, बरं.

नुसतं बरं. रागाचं नाही. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, रागाचं नव्हतं.

शोरूमला दाखवलं नाही. वेळ झाला नाही. मग जानेवारी आला.

निष्कर्ष: आवाज दहा महिने जुना आहे. म्हणजे प्रकरण बुशवर थांबलेलं नसणार. संपूर्ण सस्पेन्शन बदलणं हाच शास्त्रीय मार्ग.

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. सांगलीला गेले नाही. कारणं: एक, सहामाहीचे पेपर तपासायचे. दोन, किट अजून मागवलेलं नाही कारण ठरलेलं नाही. तीन, शुक्रवारी उजव्या डोळ्याची पापणी फडफडत होती. तिसरं कारण खोडायला हवं, मी विज्ञानाची शिक्षिका आहे. खोडरबर सापडत नाही.

पंजा रोज असतो. आता सवय झाली. सकाळी आधी त्याच्याकडे बघते. काल मात्र सुट्टीमुळे उशिरा उठले, दूध आणायला नईम गेला. काल पंजा नव्हता. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. नईमला म्हणाले, उद्यापासून दूध मीच आणणार, तू पिशवी गळकी निवडतोस.

आज मी दूध आणलं. आज पंजा होता.

काही संबंध दिसत नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

प्रीमियम ठरवलं. दुपारी बदललं, बजेट. संध्याकाळी दोन्ही रद्द.

अडचण अशी की कुठलंही किट घेतलं तरी जुनं सगळं काढावं लागतं. म्हणजे ते बुशही निघणार. मेकॅनिक ते कुठे टाकतात? विचारायला हवं. ज्याला फोन केला तो म्हणाला, मॅडम, भंगारात जातं, तुम्हाला कशाला पाहिजे? मी फोन ठेवला. सौजन्य नाही लोकांत.

नईम आज सरळच म्हणाला. म्हणाला, आपल्याला सस्पेन्शन नकोय, अर्शिया. तुला तो आवाज बंद व्हायला नकोय.

मी त्याला समजावलं की आवाज ही वाया जाणारी ऊर्जा असते. बराच वेळ समजावलं. तो ऐकत होता. नंतर त्याने माझा चष्मा काढून पुसून परत दिला.

रविवार, ९ नोव्हेंबर

झिशान म्हणाला, आपा, शनिवारी शेवटचं. शनिवारी संध्याकाळी चावी द्यायची. आली नाहीस तर मी सगळं टेम्पोत घालतो, मग मला बोलू नकोस.

ठीक आहे. उत्तम योजना तयार. शनिवारी सकाळी सांगली. दुकान बघायचं, पंधरा मिनिटं. मुक्काम. रविवारी पहाटे थेट कोल्हापूर, ट्रॅक. जुन्याच सस्पेन्शनवर चालवायचं. उदयसिंह सर म्हणाले, मॅडम, मूळ गाडी समजल्याशिवाय बदल करूच नये, ही खरी ड्रायव्हरची पद्धत. मला आधीपासून हेच म्हणायचं होतं.

हेल्मेट आणलं. आरशात पाहिलं. नईम म्हणाला, गॅसवाला वाटतेस.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सांगली

सकाळी सातला निघाले, अकराला पोचले. नईम म्हणतो अडीच तास लागतात. तो वाटेत ब्रेकर मोजत नसणार. मी मोजले. एकतीस. एकतीसदा टक, ठण.

दुकानात गेले.

भट्टी विझलेली. भात्याचा पंखा काढून नेलेला. ऐरण जिथे होती तिथे जमीन गुडघाभर खचलेली, चाळीस वर्षं घण खाऊन. उरलेली अवजारं कोपऱ्यात रचलेली. मागच्या खोलीत मी भिंतीवर लिहिलेले पाढे अजून आहेत. धूर खाऊन काळे पडलेत, पण सतराचा पाढा वाचता येतो. चुकलेला आहे.

जोतीरामकाका पायरीवरून उठले. केवढे वाळलेत. आधी गाडीकडे गेले. डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला, दाबला, सोडला. एकदा खाली, एकदा वर, थांबली. म्हणाले, शॉकअप ठणठणीत हाय गं. कशाला बदलतीस? बुश ग्येलंय फकस्त. कुनी सांगितलं तुला सगळं बदलाया?

मी म्हणाले, ट्रॅकवर जायचंय, काका.

काका झिशानकडे बघून म्हणाले, कुठं जायचंय म्हनती? झिशान म्हणाला, रेसला. काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, आगं पन तुला तर सायकल बी तुज्या अब्बानं, चांदभाईनं माझ्या जिवावर शिकिवली. तीनदा मला धडकलीस.

झिशान हसला. मीही. बऱ्याच दिवसांनी.

काकांनी गाडी जॅकवर घेतली, खाली शिरले, ते बुश काढून आणलं. काळं, झिजून एका बाजूने कागदासारखं. माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, बगितलंस? ह्ये बाजारातलं न्हवं. ट्रकच्या कमानीचं रबार हाय, चांदभाईनं हातानं कापलेलं. तुज्या गाडीचं म्हनून दोन दीस घासत बसला हुता. सात वर्सं होत आली. शोरूमचं दोन वर्सांत ग्येलं असतं.

म्हणजे इतके दिवस मी प्रीमियम की बजेट असा तक्ता करत होते, आणि खाली हे होतं. तक्त्यात याला रकाना नव्हता.

मी काकांना विचारलं, आता इथे नवीन कुठे मिळेल?

झिशान आत गेला. खिळ्यांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. म्हणाला, यासाठीच तुला बोलावत होतो, आपा. फोनवर सांगायचं नव्हतं.

डब्यात बुश होतं. नवं, न वापरलेलं, घासून गुळगुळीत केलेलं. तारेने कागद बांधलेला. अब्बांची चौथी पास अक्षरं. 'अर्शिया. पुढचं डावं.'

डिसेंबरात कापून ठेवलं होतं. बरं म्हणाले, फोन ठेवला, आणि कापायला बसले. काका म्हणाले, मी म्हनलं त्येला, आरं ती शोरूमला दाखवनार हाय, कशाला मरतोस? तर म्हनला, दाखवूं दे की. येताना-जाताना लागलं तर आसूं दे.

धूळ फार होती दुकानात. डोळ्यांत गेली.

काकांनी बसवलं. अर्ध्या तासाचं काम. अब्बांनी सांगितलं होतं तेवढंच.

झिशानने विचारलं, आपा, काय काय नेणार? मी हातोडी घेतली. घण काकांना दिला. त्यांना आता तो उचलत नाही, तरी खांद्यावर घेतला.

रविवार, १६ नोव्हेंबर

ट्रॅकला गेले नाही. बुश नवीन आहे, बसायला वेळ द्यावा लागतो. पहिल्याच दिवशी ट्रॅकचा ताण देणं अशास्त्रीय. उदयसिंह सरांना तसं कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला. मग लिहिलं, हेल्मेट देता का, एक जण विसरलाय. मी म्हणाले, मी सातारच्या रस्त्यावर आहे.

एकतीस ब्रेकर. एकदाही आवाज नाही.

कराडच्या पुढे गाडी बाजूला घेऊन थांबले. बॉनेट उघडलं, बंद केलं. काहीच बिघाड नव्हता. ऊस भरलेल्या ट्रॉल्या जात होत्या. इतकी शांत गाडी मी याआधी चालवली नसावी. रेडिओ लावला. बंद केला. पुन्हा लावला.

सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

पंजा आहे.

काम झालं, आवाज गेला, तरी आज पंजा आहे. साडेचार बोटं. मी पळत जाऊन मनुबाईंना गाठलं. त्या आमच्या बिल्डिंगचं आवार झाडतात, पहाटेपासून खाली असतात. विचारलं, रोज माझ्या गाडीवर हात कोण ठेवतं?

मनुबाई झाडू थांबवून म्हणाल्या, आवं म्याडम, तुमीच की.

मी म्हणाले, मी कशी?

त्या म्हणाल्या, दूध आनाया येताय न्हवं सकाळी, तवा. डोळं अर्धं मिटल्यालं. येक बोट मुडपून गाडी दाबताय, थांबताय, मग जाताय. मला वाटलं पाया पडताय गाडीच्या. तुमच्यात तसं आसतं का म्हाईत न्हवतं, म्हनून मी कुनाला काय बोलले न्हाई.

नोंद: साक्षीदाराची नजर कमजोर असण्याची शक्यता आहे. नईमच्या दुकानात तपासून घ्यावी.

तरीही, प्रयोग म्हणून, कोपऱ्यावर हात ठेवला. दाबला. एकदा खाली, एकदा वर, थांबली. हात उचलला. जुन्या पंजावर बरोबर बसला होता, अर्ध्या बोटासकट. मी बोट कधी दुमडलं ते मला कळलं नाही.

मग मुद्दाम सगळी बोटं सरळ ठेवून शेजारी दाबून बघितलं. पाचही उमटली.

तो दुसरा पंजा ओढणीने पुसला. पहिला राहू दिला.

कॉलेजला दहा मिनिटं उशीर. बारावीला आज स्प्रिंग होती.

संकल्प: या रविवारी गाडी धुवायची नाही. पाण्याची बचत.